लिचेस: शह शिकायला उत्तम, राजा सांभाळायला शिकताना मेहनत आपली

मोहऱ्यांच्या चाली येतात, पण शह बसला की नवशिका फक्त राजा पळवत सुटतो. या टप्प्यासाठी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाचा 'लर्न' विभाग मनापासून सुचवावासा वाटतो. फुकट आहे, जाहिराती नाहीत, धडे सोडवायला खातंही लागत नाही.

शहातून सुटण्याच्या धड्याचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. आधी राजा हलवायचा, मग राजाला जागाच नसते तेव्हा मध्ये मोहरा घालायचा, त्यानंतर शह देणारा मोहराच मारायचा. मग येतो घोड्याचा शह. घोडा उडी मारून येत असल्याने मध्ये काही घालून तो अडत नाही, हे इथे न सांगता कळतं. दुहेरी शहाला मात्र या विभागात वेगळा धडा नाही, तो आपणच पटावर दाखवावा: दोन मोहरे एकाच वेळी शह देतात, त्यामुळे राजा हलवण्याशिवाय इलाज नसतो.

कॅसलिंगचा, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा, धडाही चांगला. राजाच्या वाटेतल्या घरावर मारा असेल तर आधी तो अडवा, मग कॅसलिंग करा, हे करूनच घेतात. उदाहरणार्थ, काळा उंट ए६वरून (अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या रांगेचा) एफ१वर रोखलेला असेल तर पांढऱ्याला राजाच्या बाजूला कॅसलिंग करता येत नाही. प्यादं डी३वर आणलं की वाट मोकळी. एकदा शह बसला की कॅसलिंग कायमचं गेलं, हा समज चुकीचा आहे. राजा न हलवता शह काढला तर हक्क शाबूत राहतो.

राजाच्या सुरक्षेसाठी लिचेसवरच्या कोड्यांकडे वळावं लागतं. 'बॅक रँक मेट' (शेवटच्या रांगेतली मात), 'एक्स्पोज्ड किंग' (उघडा पडलेला राजा) असे विषय निवडता येतात. त्रुटी अशी की बहुतेक कोड्यांत हल्ला आपण करतो, आणि विषय आधीच माहीत असल्याने अर्धं उत्तर हातात असतं. उपाय सोपा आहे. कोडी खऱ्या डावांतली असतात आणि बहुधा समोरच्याच्या चुकीपासून सुरू होतात. सोडवून झाल्यावर मागे जाण्याच्या बाणाने त्या चुकीच्या आधी जा आणि हरणाऱ्याची बाजू घ्या. समजा पांढरा राजा जी१वर, प्यादी एफ२, जी२, एच२वर, आणि पहिल्या रांगेतला एकमेव हत्ती ए७वरचं प्यादं खायला गेला. काळा हत्ती डी१वर उतरला की मात. त्याऐवजी प्यादं एच३वर ढकललं असतं तर राजाला एच२ मिळालं असतं. पण काळ्याचा उंट सी८वरून एच३वर रोखलेला आणि वजीरही जवळ असेल, तर तो उंट देऊन तेच प्यादं फोडतात. तिथे हत्ती घरी ठेवणंच बरं. कोडं सोडवण्यापेक्षा हा उलटा अभ्यास जास्त कामाचा.

एक गोष्ट खटकते. शह बसला की राजाचं घर लाल होतं, आणि मोहरा उचलताच चालू शकणाऱ्या घरांवर ठिपके येतात. सुरुवातीला ठीक, पण मग डोळे शह शोधायचे थांबतात. 'प्रेफरन्सेस'मधल्या 'डिस्प्ले'त दोन्ही बंद करा. तरीही नियमबाह्य चाल लिचेस घेतच नाही. स्पर्धेत कोणी हात धरत नाही: फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमानुसार क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावात पहिल्या नियमबाह्य चालीला प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटं जादा मिळतात, दुसरीला साधारणपणे डावच जातो. त्यामुळे मूल स्पर्धेला उतरणार असेल तर काही डाव लाकडी पटावर, घड्याळ लावून आणि शह तोंडाने न सांगता खेळवा.