आधी स्टर्जन की आधी बार्कर?

गेल्या वर्षभरात तीन जणांनी मला हाच प्रश्न विचारला. मनोविकारतज्ज्ञ आणि लष्करातला बिथरलेला माणूस एका खोलीत समोरासमोर बसलेत, एवढ्याच सामग्रीवर उभ्या असलेल्या दोन कादंबऱ्या माझ्या फळीवर शेजारी शेजारी आहेत. थिओडोर स्टर्जनची ‘सम ऑफ युअर ब्लड’ (1961) आणि पॅट बार्करची ‘रीजनरेशन’ (1991). दोन्ही मी इंग्रजीतच वाचल्या, एकाच पावसाळ्यात, आणि तेव्हा मलाही आधी कुठली उघडावी ते ठरवता येत नव्हतं.

स्टर्जनचं पुस्तक म्हणजे अक्षरशः एक फाईल आहे. पहिल्याच पानावर लेखक तुम्हाला डॉ. फिलिप आउटरब्रिजच्या घरी नेतो आणि चोरासारखी ती फाईल उघडायला लावतो. आत डॉक्टर आणि त्याचा वरिष्ठ कर्नल यांची पत्रं, चाचण्यांच्या नोंदी, बैठकांची टिपणं, आणि रुग्णाने स्वतः लिहिलेली त्याची जन्मकथा. तीही ‘मी’ न म्हणता. जॉर्जने हे केलं, जॉर्ज तिकडे गेला, अशी. जॉर्ज स्मिथ हे नावसुद्धा फाईलपुरतं घेतलेलं. या जॉर्जने एका अधिकाऱ्यावर हात उचललाय, आणि सगळं सुरू झालंय एका पत्रावरून. पत्रात काय होतं ते मी सांगणार नाही, कारण पुस्तकाचा सगळा प्राण त्यातच आहे.

बार्करची कादंबरी स्टर्जनच्या पुस्तकासारखी भयकथा म्हणून कोणी विकत नाही, हे कबूल. 1917 साल, एडिनबरोचं क्रेगलॉकहार्ट लष्करी रुग्णालय. ब्रिटिश फौजेतला अधिकारी आणि कवी सिगफ्रीड ससून युद्ध लांबवण्याविरुद्ध जाहीर निवेदन काढतो आणि कोर्टमार्शलऐवजी त्याची रवानगी डॉ. रिव्हर्सकडे होते. हा रिव्हर्स खराखुरा माणूस. आपल्याकडे निलगिरीत येऊन तोडा लोकांवर 1906 मध्ये जाडजूड ग्रंथ काढणारा तो हाच. त्याचं काम काय, तर माणसं बरी करायची. बरा झाला की माणूस पुन्हा खंदकात. म्हणजे डॉक्टर जितका चांगला, तितकी रुग्णाची मरायची शक्यता जास्त. भुताखेताची गरज कुणाला आहे?

आणि त्यात एक प्रकरण असं आहे की स्टर्जनच्या अख्ख्या पुस्तकात त्या तोडीचं पान नाही. रिव्हर्स लंडनला यीलंड नावाच्या डॉक्टरचे उपचार बघायला जातो. कॅलन नावाच्या जवानाची वाचा गेलेली. यीलंड दार लावून घेतो, बोलल्याशिवाय इथून सुटका नाही म्हणतो आणि घशाला विजेचे झटके देत राहतो. कॅलन शेवटी बोलतो. बोलून झाल्यावर हसतो. ते हसू डॉक्टरला आवडत नाही, म्हणून त्या हसण्यावरही झटका. हे मी देवळालीत मेहुण्यांकडे मुक्कामाला असताना वाचलं. तोफखान्याचा सराव चालू होता, लांबून धबधब आवाज येत होते आणि खिडकीची काच हलकेच थरथरत होती. मेहुणे घोरत होते, त्यांना सवय. मी मात्र पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आलो.

मग माझं पारडं दुसरीकडे कसं गेलं? एका कटकटीमुळे. आणि ती कदाचित फक्त माझीच असेल.

तो यीलंडचा प्रसंग संपतो, रिव्हर्स मुक्कामाच्या जागी परततो, आणि त्याला स्वप्न पडतं. स्वप्नात तो कुणाच्या तरी उघड्या तोंडात काहीतरी कोंबतोय, आणि ते निघतं घोड्याचा लगाम. बस. एवढ्यावर थांबायचं होतं. माझ्या अंगावर काटा आला होता, अर्थही पोचला होता. पण रिव्हर्स जागा होतो आणि आपल्या स्वप्नाचा अर्थ लावत बसतो. लगाम म्हणजे काय, तोंड कुणाचं, मी आणि यीलंड यांच्यात फरक तो किती. पानांमागून पानं. माणूस हुशार आहे, प्रामाणिक आहे, सगळं बरोबरच बोलतो. पण अंगावरचा काटा जो खाली बसला तो बसलाच. ससूनशी बोलणं झालं की रिव्हर्स विचार करणार, बर्न्स नावाचा रुग्ण जेवणाच्या टेबलावरून उठून गेला की रिव्हर्स विचार करणार. कीर्तनात बुवा आख्यान रंगात आणतात आणि नेमक्या क्षणी मागे वळून निरूपण सुरू करतात, तसं. निरूपण आवडणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. मी पायरीवर बसून गोष्ट ऐकणारा माणूस.

आउटरब्रिजसुद्धा विचार करतो, नाही असं नाही. कर्नलला लांबलचक पत्रं लिहितो, त्यात बढाया असतात, विनोद असतात, थकवा असतो. पण तो आपल्याइतकाच अंधारात आहे. जॉर्जच्या लिहिण्यात कुठे माणूस रेंगाळतो आणि कुठे भराभर पुढे सरकतो, हे शोधायचं काम डॉक्टरचं, आणि त्याच्याबरोबरीने आपलं. जॉर्ज खोटं बोलत नाही. दारुडा बाप, आजारी आई, रानातली शिकार, सगळं साध्या, जवळजवळ भोळ्या भाषेत लिहितो. फक्त काही गोष्टी लिहायच्या राहून जातात. वाचताना कधीतरी लक्षात येतं की आपण याच्याबद्दल माया वाटून घेतलीय, आणि पुढच्या पानांवर त्या मायेचं काय करायचं ते कळत नाही.

हे मला इतकं का लागलं, त्याला एक कारण आहे. लहानपणी आमच्या शेजारी एक सुभेदारकाका राहायचे, तोफखान्यातून निवृत्त झालेले. उन्हाळ्यात अंगणात खाट टाकून आम्हा पोरांना नोकरीच्या गोष्टी सांगायचे. कुठल्या ठाण्यावर खिचडीत मीठ जास्त पडलं, कुठलं खेचर कुणाला चावलं, सगळं तपशिलात. आणि मग, “तो हिवाळा सरला, आम्ही पठाणकोटला आलो.” दरवेळी हेच वाक्य. हिवाळ्याची गोष्ट कधीच नाही. आम्हाला वाटायचं, थंडीत सांगण्यासारखं काही घडलं नसेल. जॉर्जची जन्मकथा वाचताना, बऱ्याच वर्षांनी, मला तो हिवाळा आठवला. बार्करच्या कादंबरीत काकांना रिव्हर्स भेटला असता आणि त्या हिवाळ्याचं आपल्याला नीट उत्तर मिळालं असतं. ते उत्तर मला हवं आहे की नाही, याची मला खात्री नाही.

तसं बघितलं तर हा विषय आपल्या गावाचाच आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सैनिक देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असायचे. उकाडा, रिकामपण, हिवताप. त्यातून इंग्रजी भाषेत ‘डूलॅली’ हा शब्द गेला, म्हणजे डोकं फिरलेला. मूळ रूप ‘डूलॅली टॅप’, त्यातला टॅप म्हणजे आपला साधा ताप. रोज नाशिकरोडहून कॅम्पाकडे रिक्षाने जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं कुणास ठाऊक. असो, विषयांतर झालं.

स्टर्जनमध्ये खोड नाही असं नाही. मानसशास्त्र त्याच्या काळाचं आहे. सगळ्या गाठी बालपणात, त्यातही आईपाशी, आणि डॉक्टरने सूत धरून ओढलं की गाठ सुटते, असा एक भाबडा विश्वास. आज मानसशास्त्र शिकणारी मुलं हसतील. शेवटी लेखक पुन्हा मध्ये येऊन तुमच्याशी बोलतो, आता शेवट कसा हवा ते तुम्हीच बघा, असा सूर लावतो. पहिल्या वाचनात ते मला पळवाट वाटलं. दुसऱ्या वाचनात तितकं नाही, पण पुरतं पटलं असंही नाही. कुठल्याही प्रकारातल्या 90 टक्के गोष्टी टाकाऊच असतात असं म्हणणारा स्टर्जन तो हाच. हे पुस्तक उरलेल्या दहातलं आहे असं माझं मत, शेवटची तीन-चार पानं सोडून.

वेळेचं म्हणाल तर स्टर्जन रात्रीच्या जेवणानंतर घेतला आणि दूधवाल्याच्या घंटेपर्यंत संपला. बार्करला तीन आठवडे लागले. त्यात आडनावांचा गोंधळ झाला, कारण सगळे अधिकारी, सगळे आडनावानेच हाक मारणारे, आणि दोन दिवस पुस्तक हाती घेतलं नाही की अँडरसन कोण आणि प्रायर कोण इथून सुरुवात. पण प्रायरसाठी तेवढे कष्ट घ्यावेत. ते पात्र एकदा ओळखीचं झालं की सोडत नाही, आणि पुढचे दोन भागही वाचायला लावतं. तिसऱ्याला 1995 मध्ये बुकर मिळालं. युद्धाचा इतिहास, कविता, डॉक्टरच्या मनातली टोचणी, यात रस असेल तर आधी बार्करच घ्या, मला राग येणार नाही. घरात कुणी फौजेत असेल तर तो यीलंडचा भाग एकट्याने वाचा.

नाहीतर आधी स्टर्जन. एकच काळजी घ्या. या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहिणारा जवळपास प्रत्येक जण तिसऱ्या ओळीत गुपित फोडतो, काही वेळा मलपृष्ठसुद्धा. मला ते आधीच कळलं होतं, आणि त्याची चुटपुट अजून आहे. म्हणून माझ्या प्रतीला मी शाळेच्या वहीला घालतात तसं खाकी कव्हर घातलंय, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून. वाचायला हवी असेल तर घेऊन जा. कव्हर काढायचं नाही, आणि परत आणून द्यायची.