आर्मबियनचं बिल्ड फ्रेमवर्क: वेबकॅमपुरता कर्नल बनवायला कसं आहे?

सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरवर वेबकॅम चालत नाही म्हटलं की बरेच जण थेट कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल करायला बसतात. आर्मबियन हे अशा बोर्डांसाठीचं लिनक्स. त्याच्या बिल्ड फ्रेमवर्कने, म्हणजे कर्नल बनवून देणाऱ्या स्क्रिप्टच्या संचाने, ते काम पुष्कळ सोपं केलंय, पण आधी त्याची गरज आहे का ते बघा. यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या ‘एलएसयूएसबी’मध्ये कॅमेरा दिसतो, पण मॉड्यूल (कर्नलला हवा तेव्हा जोडता येणारा ड्रायव्हर) चढवणाऱ्या ‘मॉडप्रोब’ला यूव्हीसीव्हिडिओ मॉड्यूल सापडत नाही, असं असेल तर कर्नलला हात लावा. यूव्हीसी हे यूएसबी वेबकॅमचं सामायिक मानक; त्याचा ड्रायव्हर 2.6.26 आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आहे. तो गायब असतो तो बहुधा बोर्डासोबत आलेल्या छाटलेल्या कर्नलमध्ये. कर्नलला हात लावायचं दुसरं कारण म्हणजे यूव्हीसी न पाळणारा जुना कॅमेरा, त्याला जीएसपीसीए हा वेगळा ड्रायव्हर लागतो. तिसरं, ड्रायव्हरमध्येच पॅच (कोडमधला बदल) मारायचा असेल तर.

फ्रेमवर्कची खरी जमेची बाजू म्हणजे क्रॉस-कंपायलर (पीसीवर बोर्डासाठीचा कोड बनवणारा), सोर्स आणि बोर्डाचे पॅच गोळा करण्याची कटकट ते स्वतःच्या अंगावर घेतं. ‘कंपाइल.एसएच’ला ‘कर्नल-कॉन्फिग’ हा शब्द आणि बोर्ड व ब्रँचची (कर्नलच्या शाखेची) नावं दिली की कर्नलचे पर्याय निवडायचा मेन्यू उघडतो. एसडी कार्डासाठीची पूर्ण इमेज बनवत बसू नका. नंतर त्याच जागी नुसतं ‘कर्नल’ दिलं की पुरे. मशीन मात्र दणकट हवं: 8 जीबी रॅम आणि साधारण 50 जीबी मोकळी डिस्क. बोर्डावरच बिल्ड करायचा हट्ट सोडा, डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन) असलेला लिनक्स पीसी वापरा.

मेन्यूत बहुतेक लोक एकाच जागी अडकतात. डिव्हाइस ड्रायव्हर्समध्ये मल्टिमीडिया सपोर्ट चालू केला, तरी आतल्या फिल्टरमुळे ‘कॅमेरे आणि व्हिडिओ ग्रॅबर’ हा प्रकार आणि ‘मीडिया यूएसबी अडॅप्टर्स’ निवडल्याशिवाय यूएसबी व्हिडिओ क्लासची ओळच दिसत नाही. ती ‘एम’ (मॉड्यूल) ठेवा, ‘वाय’ (कर्नलमध्येच पक्कं) नको. मॉड्यूल असलं की पॅरामीटर बदलून उतरवता-चढवता येतं, दर वेळी रीबूट नको. कॅमेऱ्यातला माइक हवा असेल तर साउंड विभागातला यूएसबी ऑडिओही घ्या, नाहीतर चित्र येईल आणि आवाज येणार नाही.

बदललेलं कॉन्फिग ‘यूजरपॅचेस’ फोल्डरमध्ये ठेवता येतं, पण फाइलच्या नावात बोर्डाची फॅमिली (चिपचा गट) आणि ब्रँच अचूक हवी. नाव चुकलं तर मूळ कॉन्फिगवरच बिल्ड होतो आणि आपण मॉड्यूल शोधत बसतो. कोणती फाइल उचलली ते लॉगमध्ये वाचून घ्या.

शेवटी डेब पॅकेजं (इन्स्टॉल करायच्या फाइली) मिळतात. कर्नलची इमेज आणि डीटीबी (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) एकाच ‘डीपीकेजी’ कमांडमध्ये बसवा. नुसती मॉड्यूलची फाइल जुन्या कर्नलमध्ये टाकायचा शॉर्टकट ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’वर आपटतो, कारण व्हर्जनची खूण जुळत नाही. इथेच मला हे फ्रेमवर्क उणं वाटतं: पॅकेजचं नाव तेच असल्याने जुना कर्नल शेजारी उरत नाही, त्याची जागा नवा घेतो. म्हणून आधी एसडी कार्डाची प्रत काढा. पुढच्या अपग्रेडमध्ये तुमचाच कर्नल पुसला जाऊ नये म्हणून त्यावर ‘एप्ट-मार्क होल्ड’ लावा.

कर्नल बसल्यावर एकाच कॅमेऱ्याचे व्हिडिओ0 आणि व्हिडिओ1 असे दोन नोड (उपकरणाच्या फाइली) दिसले तर घाबरू नका. कर्नल 4.16 पासून दुसरा नोड मेटाडेटाचा (चित्राबद्दलच्या माहितीचा) असतो, त्यातून चित्र येत नाही.

आणि स्ट्रीम सुरू करताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ आलं तर डिस्क तपासू नका, ती बँडविड्थची बोंब आहे. 640 बाय 480 चा वाययूवायव्ही (अनकंप्रेस्ड) प्रवाह 30 फ्रेमला सेकंदाला 18.4 एमबी खातो, आणि यूएसबी 2.0 वर एका आयसोक्रोनस एंडपॉइंटची (सलग प्रवाहासाठी राखलेल्या वाटेची) कमाल जेमतेम 24.6 एमबी. एकाच बसवर असे दोन कॅमेरे बहुधा मावत नाहीत. आधी एमजेपेग हा कंप्रेस्ड फॉरमॅट निवडा. कॅमेरा गरजेपेक्षा जास्त बँडविड्थ अडवून बसत असेल, तर यूव्हीसीव्हिडिओला ‘क्वर्क्स=128’ (कॅमेऱ्याची खोड सांभाळायचा पर्याय) देऊन पाहा; ते फक्त अनकंप्रेस्ड फॉरमॅटला लागू पडतं. त्याने काम भागलं तर तोच क्वर्क कॅमेऱ्याच्या आयडीसह ड्रायव्हरच्या यादीत घालणारा छोटा पॅच ‘यूजरपॅचेस’मध्ये टाकता येतो. अशा कामाला या फ्रेमवर्कइतकं सोयीचं दुसरं काही मला माहीत नाही.