डिक्शनरी घ्यायचीय? आधी 'रन' काढून बघा

आठवी-नववीच्या मुलांसाठी कुठली इंग्लिश डिक्शनरी घेऊ असं पालक विचारतात, माझं उत्तर ठरलेलंय, ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स. दुकानात अवघड शब्द शोधत बसू नका, सरळ 'रन' काढा. पहिलीतल्या पोराला येणारा शब्द, पण ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात, म्हणजे अनेक खंडांच्या 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'त, आता नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ आहेत!

खिशात मावणाऱ्या इंग्लिश-मराठी डिक्शनऱ्या 'पळणे, धावणे' लिहून मोकळ्या होतात. मग 'शी रन्स अ हॉटेल' म्हणजे ती हॉटेल चालवते, पण ती हॉटेलात पळते असं मूल लिहितं, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते.

लर्नर्समध्ये मोठ्या नोंदीत अर्थांच्या आधी छोटी लेबलं असतात, धंदा, मशीन, बस-ट्रेन, पातळ पदार्थ, रंग, निवडणूक अशी, म्हणजे अख्खं पान वाचायची गरज नाही, नजर फिरवायची आणि आपल्या वाक्याचं लेबल आलं की थांबायचं. नाक गळतं ते रन, धुताना कपड्याचा रंग जातो ते पण रन. निवडणुकीला उभं राहणं पण रन, पण ते जास्त करून अमेरिकेत, ब्रिटिश लोक 'स्टँड' म्हणतात, हे पण कळतं. फ्रेजल व्हर्ब्ज, म्हणजे क्रियापदाला 'आउट', 'ऑफ' असे छोटे शब्द जोडून होणारे वाक्प्रचार, शेवटी वेगळे दिलेत, ते मला सगळ्यात आवडतं, कारण क्रिकेटमुळे 'रन आउट' सगळ्यांना माहीत असतं पण 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क' म्हणजे घरातलं दूध संपलंय हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

मोठ्या कोशात जुना अर्थ आधी येतो, अभ्यासकांना ते हवंच असतं, शाळेच्या मुलाला रोजच्या वापरातला अर्थ आधी लागतो आणि लर्नर्स तोच आधी देते. जपानमध्ये इंग्लिश शिकवणाऱ्या हॉर्नबी यांनी ती केली, १९४२ ला तिकडेच निघाली, ऑक्सफर्डने १९४८ ला आणली, म्हणजे मुळातच घरी इंग्लिश न बोलणाऱ्यांसाठी.

यात मराठी अर्थ नाहीत, त्यामुळे पाचवी-सहावीच्या मुलाला सोबत इंग्लिश-मराठी लागेलच. वेबसाइट फुकट आहे, ब्रिटिश-अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात. पुस्तकच हवं असेल आणि नवं परवडत नसेल तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी आवृत्ती बघा, चालेल, फक्त घेण्याआधी 'रन'च्या पानावर ती लेबलं आहेत ना एवढं तपासा.