जुन्या रेसिंग कार्टच्या हायड्रॉलिक ब्रेकला नवी रबर किट: पावसाळा, थंडी आणि उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

नाशिकमध्ये जुनी रेसिंग कार्ट (शर्यतीची छोटी गो-कार्ट) सांभाळायची तर एक गोष्ट लवकर लक्षात येते: तिचा ब्रेक धावून कमी आणि उभा राहून जास्त बिघडतो. जून ते सप्टेंबर कार्ट शेडमध्ये ताडपत्रीखाली असते, ऑक्टोबरात बाहेर निघते आणि पहिल्याच दोन-चार वळणांत पेडल पोकळ लागतं. म्हणून या लेखात लॅपचा हिशोब फारसा नाही. पावसाळा, थंडी आणि एप्रिलचं ऊन यांचा आहे.

कार्ट इटालियन चासीची, 125 सीसी, इंजिनातून थेट चेनने एक्सलवर. पुढच्या चाकांना ब्रेक नाही. मागच्या एक्सलवर डावीकडे एक व्हेंटिलेटेड डिस्क, तिला पॅडमध्ये दाबणारं दोन पिस्टनचं कॅलिपर, पेडलपाशी ऑइलला दाब देणारा मास्टर सिलेंडर आणि मध्ये एक नळी. पावसाळ्याच्या तोंडावर सगळं खोलून सीलं, नळी, कॉपर वायसर आणि ब्रेक ऑइल नवं घातलं. आज भर उन्हाळ्यात पेडल तेवढंच वर आणि तेवढंच कडक आहे. बोअर (सिलेंडरची आतली भिंत, जिच्यात पिस्टन सरकतो) शाबूत असेल तर जुनं मास्टर-कॅलिपर टाकून नवा सेट घ्यायची काही गरज नाही, हे आमचं स्पष्ट मत. मात्र किट घालणं म्हणजे फक्त रबरं बदलणं असं समजून काम केलं, तर तोच ब्रेक दोन महिन्यांत पुन्हा खोलावा लागतो.

सुरुवात ऑइल ओळखण्यापासून करा. जुनी कार्ट तीन-चार हातांतून फिरलेली असते आणि आत काय भरलंय ते कोणालाच नक्की ठाऊक नसतं. मास्टरवरच्या ऑइलच्या टाकीच्या झाकणावर किंवा बॉडीवर लिहिलेलं असेल तर ते पाहा. नसेल तर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात जुन्या ऑइलचे दोन-तीन थेंब टाकून ढवळा. पाण्यात मिसळून गेलं तर ते ग्लायकॉलचं, म्हणजे डॉट 3, 4 किंवा 5.1. वर वेगळा तवंग राहिला तर सिलिकॉनचं डॉट 5 किंवा मिनरल ऑइल. डॉट 5 आणि 5.1 हे आकडे शेजारचे दिसले तरी माल पूर्ण वेगळा आहे, एकात दुसरं घालायचं नाही. मिनरल निघालं तर आतली सीलंही त्याच जातीची असणार, त्यात डॉट 4 ओतलं की ती फुगून पिस्टन अडकतो. मग एक तर मिनरलवरच राहा, नाहीतर एकूण एक रबर बदला.

आता सीलं. कार्टची मूळ किट बाहेरून मागवली तर वेळ जातो, म्हणून माणूस अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीकडे वळतो. तिथे मापाची ओ-रिंग (गोल छेदाची रबरी कडी) आणि सील मिळणं अवघड नाही, अडचण वेगळी आहे. औद्योगिक सीलचा माल मुख्यतः मशीनच्या हायड्रॉलिक तेलासाठी असतो आणि नुसतं माप सांगितलं की हातात नायट्राइल जातीचं रबर पडतं. डॉट 4 ला ईपीडीएम जातीचं रबर लागतं. दोन्ही काळीच, नजरेने फरक कळत नाही. एक सील जादा घ्या, व्हर्नियरने माप लिहून ठेवा आणि डॉट 4 च्या बंद बाटलीत तीन दिवस बुडवून पुन्हा मोजा. ईपीडीएम जवळपास तशीच राहते, नायट्राइल मोठी आणि मऊ होते. तीन दिवस थांबायचा कंटाळा करू नका, या कामातली सगळ्यात स्वस्त खात्री हीच आहे.

जाडीतही फसायला होतं. इंची मालिकेत 2.62 मिमी, मेट्रिकमध्ये 2.5, काउंटरवर दोन्ही "अडीचची" म्हणून मिळतात. 2.62 च्या खाचेत 2.5 बसते, गळतही नाही, आणि थंडीत गळू लागते. कॅलिपरच्या पिस्टनला चौकोनी छेदाचं सील असेल तर तिथे गोल ओ-रिंग घालू नका. चौकोनी सील दाबाखाली किंचित पिळतं आणि पेडल सोडलं की पिस्टनला तेवढंच मागे ओढतं. डिस्क मोकळी होते ती त्यामुळे. काही जुन्या कॅलिपरमध्ये मुळातच ओ-रिंग असते आणि पॅड मागे आणायला पिनांवर स्प्रिंगा असतात. जे निघालं, त्याच आकाराचं घाला.

पिस्टन काढताना नळी सुटण्याआधीच पेडलच्या दाबाने जेवढे बाहेर येतील तेवढे आणा. उरलेल्यासाठी सायकलचा पंप पुरतो. मध्ये लाकडाची पट्टी ठेवा आणि बोटं लांब. कॉम्प्रेसरच्या पूर्ण दाबावर पिस्टन गोळीसारखा सुटतो. सफाई आयसोप्रोपिल अल्कोहोल, ब्रेक क्लीनर किंवा ताज्या ब्रेक ऑइलनेच. पेट्रोल-डिझेलच्या डब्यात भाग बुडवायची गॅरेजची सवय इथे नडते, कारण खाचेत राहिलेला अंशसुद्धा ईपीडीएमला फुगवतो. जोडतानाही साधं ग्रीस नाही. ताजं ब्रेक ऑइल किंवा लाल रबर ग्रीस.

निर्णय खरा होतो तो मास्टरचा बोअर पाहताना. सर्क्लिप (पिस्टन अडवणारी कडी) काढून पिस्टन, दोन्ही कप (वाटीच्या आकाराची रबरी सीलं) आणि स्प्रिंग बाहेर काढा, बोअर पुसा आणि टॉर्च एका टोकाने आत मारा. वरचा अर्धा भाग आरशासारखा असतो. खालच्या बाजूला, जिथे महिनोन् महिने ओलसर ऑइल बसून राहिलं, तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे आणि त्यांत पांढरी भुकटी दिसते. तो ॲल्युमिनियमचा गंज. कपाचा काठ त्या खड्ड्यांवरून गेला की दाब मागे निसटतो आणि पाय ठेवला असताना पेडल हळूहळू खाली बसतं, बाहेर एक थेंब न गळता. नखाला न लागणारे डाग 1500 किंवा 2000 नंबरचा पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून गोल फिरवत काढा. लांबीच्या दिशेने घासलं तर ओरखडे कपाखालून गळतीची वाटच करून देतात. नख अडकत असेल तर पेपर मारत बसू नका. बॉडी बदला, किंवा लेथवर बोअर मोठा करून स्टीलचा स्लीव्ह (आतलं नळकांडं) घालून आतून होनिंग, म्हणजे बारीक घासून गुळगुळीत, करून घ्या. सातपूरला असं बारीक काम करणारे लेथवाले आहेत, पण पिस्टन सोबत न्या, नुसता कागदावरचा आकडा नको.

त्याच मास्टरमध्ये टाकीच्या तळाला दोन छिद्रं असतात. त्यातलं बारीक, मिलिमीटरपेक्षाही लहान, ते महत्त्वाचं. पेडल पूर्ण सुटलेलं असताना कपाचा काठ या छिद्राच्या मागे असला पाहिजे, म्हणजे गरम होऊन फुगलेलं ऑइल टाकीत परत जातं. छिद्र गाळाने बंद असेल, किंवा पुशरॉड (पेडलचा जोर मास्टरच्या पिस्टनला देणारा दांडा) इतका ताणलेला असेल की कप कायम त्याच्या पुढेच, तर फुगलेल्या ऑइलला वाट राहत नाही. पाच-सहा लॅपनंतर ब्रेक आपोआप धरू लागतो, डिस्क निळी पडते, आणि थंड झाल्यावर सगळं पुन्हा ठीक. "इंजिन पडलं" म्हणून कार्बोरेटर उघडण्याआधी एकदा मागचा एक्सल हाताने फिरवून पाहा. छिद्र साफ करायला तांब्याच्या वायरचा एक तंतू घ्या. सुई किंवा ड्रिल लावलं तर कडा फाटते आणि मग ती कप कापते. पुशरॉडला सुमारे 1 मिमी मोकळा खेळ ठेवा आणि पेडलची परतीची स्प्रिंग सशक्त हवी. खात्रीसाठी झाकण उघडून पेडल हलकेच दाबा: पहिल्या क्षणी टाकीत बारीक कारंजं उठलं तर छिद्र मोकळं आहे.

पुशरॉडसोबत जाणारी सुरक्षा केबलही याच वेळी बदला. पेडल आणि मास्टरमधली जोडणी दुहेरी असावी असा आंतरराष्ट्रीय कार्टिंगचा नियम आहे आणि केबल किमान 1.8 मिमीची लागते. क्लॅम्पपाशी एक तार तुटलेली दिसली तरी केबल टाकून द्या.

नळीला दुचाकीच्या दुकानातला बँजो बोल्ट (नळी जोडणारा आतून पोकळ बोल्ट) लावताना आटे तपासा. आपल्याकडे दुचाकीला एम 10 चा 1.25 पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) बऱ्याचदा येतो, इटालियन कार्टला सहसा 1.0 असतो. दोन आटे हाताने जातात, तिसऱ्याला अडतं आणि पान्हा लावला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच.

हवा काढायला सिरिंजची उलटी पद्धत चांगली. 50 मिलिलीटरची सिरिंज पारदर्शक नळीने कॅलिपरच्या निपलला (हवा काढायच्या तोटीला) लावा, कार्टचं नाक हातभर उचला आणि ऑइल सावकाश मागून पुढे ढकला. हवा आपोआप वर चढून टाकीत फुटते. टाकी भरत आली की वरचं उपसून घ्या. 250 मिलिलीटरच्या एका सीलबंद बाटलीत सगळं काम होतं. पेडल मारूनच हवा काढायची असेल तर पेडलच्या पुढे लाकडी ठोकळा ठेवून त्याची चाल अर्ध्यावर अडवा. जुन्या बोअरचा पुढचा भाग रोजच्या वापरात येत नाही, तिथे गंज साचलेला असतो, आणि पूर्ण दाबलेलं पेडल नव्या कपाला थेट त्यावर घासतं. नवी किट पहिल्याच दिवशी गळते ती बहुधा अशी. शेवटी पेडलला पाच किलोचं वजन टांगून रात्रभर ठेवा; सकाळी पेडल खाली सरकलेलं नको. सांडलेलं डॉट 4 रंग उचकटतं, लगेच पाण्याने धुवा.

पॅड आणि डिस्कमध्ये दोन्ही बाजूंना अर्धा ते एक मिमी अंतर फिलर गेजने लावा. जुन्या प्रकारात पॅड झिजले की पिस्टन आपोआप पुढे येऊन राहत नाही. पॅडमागे शिम (पातळ पत्रा) वाढवावी लागते, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी. कॅलिपरचे एम 8 बोल्ट 22 ते 25 न्यूटन-मीटर. नवे पॅड बसवल्यावर मध्यम वेगातून आठ-दहा वेळा ब्रेक दाबा, पूर्ण न थांबता, मग दहा मिनिटं गार होऊ द्या.

महिन्यांचा हिशोब असा. डॉट 4 चा किमान उत्कलनबिंदू कोरडा असताना 230 अंश, 3.7 टक्के पाणी मुरल्यावर 155. पावसाळ्यात नुसत्या उभ्या कार्टचं ऑइलही ओलावा घेतं. म्हणून ऑक्टोबरात कॅलिपरमधून 30-40 मिलिलीटर बाहेर काढून ताजं भरलं. निघालेलं ऑइल चहाच्या रंगाकडे झुकलेलं होतं, पण गाळ नव्हता, म्हणजे सीलं झिजत नव्हती. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा कडक झालेली किंवा बारीक सीलं ओली दिसतात आणि दुपारी आपसूक कोरडी होतात; त्यामुळे गळती शोधायची तर सकाळीच. आपलं कॅलिपर त्या काळात कोरडं राहिलं. उन्हाळ्यात पेडल नरम पडलं तर ऑइल उकळतंय. पेडल कडक राहून कार्ट थांबत नसेल तर पॅड तापून निकामी झालेत. दोन्हींना लोक एकच समजतात आणि विनाकारण पुन्हा हवा काढत बसतात.

नळी आणि सीलांबद्दल काहीच तक्रार नाही. पिस्टनवरचं धूळ अडवणारं रबरी बूट मात्र हलकं निघालं, पिस्टनच्या कडेने चिरलं. ते दुसरं घेताना जाड भिंतीचं घ्या, आणि कार्ट धुताना प्रेशरचा फवारा त्याच्यावर मारू नका.

एक दुखणं किटने सुटत नाही. खडबडीत वळणानंतर पहिलं पेडल लांब जातं, दुसरं एकदम वर येतं. हवा असती तर पेडल नरमही लागलं असतं. इथे ते कडकच आहे, फक्त लांब, म्हणजे डिस्क डगमगून पॅडना मागे ढकलते आहे. डायल गेज (डगमग मोजायचं काट्याचं माप) आधी एक्सलवर डिस्कशेजारी लावा, मग डिस्कच्या तोंडावर. एक्सल सरळ असून डिस्क 0.2 मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर दोष डिस्कचा किंवा तिच्या हबचा (एक्सलवरच्या बैठकीचा). एक्सलच हलत असेल तर बेअरिंगचे ग्रब स्क्रू (एक्सलला घट्ट धरणारे बिनडोक्याचे स्क्रू) आवळून पुन्हा मोजा. तरीही फरक राहिला तर एक्सल वाकलेला आहे आणि तो बदलल्याशिवाय नव्या सीलांचाही उपयोग नाही.