खेळाडूंचं ‘इम्युनिटी पॅकेज’: मॅचच्या दुसऱ्या दिवशी रक्त देऊ नका

‘स्पोर्ट्स इम्युनिटी पॅकेज’, ३,२०० रुपये, सॅम्पल घरी येऊन घेणार, रिपोर्ट त्याच संध्याकाळी मोबाईलवर. आमच्या कोल्हापुरातल्या पेठेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या बऱ्याच पोरांनी सीझनमध्ये हे पॅकेज घेतलं, सारखा आजारी पडणाऱ्या माझ्या धाकट्या भावानंही. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण अशी पॅकेजं आता अनेक लॅब विकतात आणि माझं म्हणणं त्या सगळ्यांनाच लागू आहे. मी नर्स आहे. रिपोर्ट रोज हाताखालून जातात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी चांगलं ते सांगते. रक्त घ्यायला आलेला मुलगा सांगितल्या वेळी, सकाळी सातला दारात होता. ग्लोव्हज नवीन, सुई समोर फोडली, ट्यूबवर नाव आणि बारकोड भावाला दाखवून चिकटवला. एका टोचण्यात काम झालं. सेवेला मी पूर्ण मार्क देते.

पण त्यानं एक प्रश्न विचारला नाही, आणि बुकिंगच्या फॉर्मवरही तो नव्हता: शेवटची मॅच कधी खेळलास? आदल्या दिवशी चारची मॅच होती. एप्रिलचं ऊन, शाहू स्टेडियम, पूर्ण नव्वद मिनिटं. भाऊ लेफ्ट बॅक खेळतो, म्हणजे सगळा वेळ वर-खाली पळणं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. यकृताच्या तपासणीत मोजतात त्या एन्झाइमपैकी एसजीओटी ९६, लाल. एसजीपीटी ५८, लाल. सीके १,६४०, लाल आणि पुढे दोन बाण. खाली छापील सल्ला: ‘यकृताच्या विकाराची शक्यता, तज्ज्ञांना भेटा.’ आईनं तो वाचला आणि घरात काविळीची चर्चा सुरू झाली. रात्री आठला मामांचा फोन, गावाकडे झाडपाल्याचं औषध देणारे आहेत, उद्याच घेऊन या.

मी रिपोर्टचं दुसरं पान उघडलं. यकृताचा बिघाड दाखवणारी बिलीरुबिन ०.८ आणि जीजीटी २२, दोन्ही नॉर्मल. एसजीओटी फक्त यकृतात नसतं, स्नायूंमध्येही भरपूर असतं. सीके तर मुख्यतः स्नायूंतलंच. जोरात पळून, टॅकल करून, ब्रेक मारून स्नायूंचे तंतू दुखावले की ही दोन्ही रक्तात उतरतात, आणि सीके काही दिवस चढं राहतं. भावाला विचारलं तर म्हणाला, “ताई, जिना उतरताना मांड्या ठणकताहेत.” आमच्या डॉक्टरांनी आठ दिवस पूर्ण विश्रांती देऊन तपासणी परत करायला सांगितली. सीके २१०, एसजीओटी ३४. झाडपाल्यापर्यंत गोष्ट गेली नाही, पण आईची झोप उडाली ती उडालीच.

आता पॅकेजच्या नावातल्या ‘इम्युनिटी’कडे येते, कारण पैसे त्याच शब्दाचे घेतात. यात रक्तातलं आयजीए, आयजीजी, आयजीएम, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं, मोजतात. खेळाडूंच्या सर्दी-खोकल्यावरच्या संशोधनात जे आयजीए मोजतात ते लाळेतलं. घसा आणि नाकाच्या अस्तरावर पहारा देतं ते हे, आणि खेळाचा भार वाढत गेला की कमी होताना दिसलंय तेही हेच. रक्तातलं आयजीए नॉर्मल आलं म्हणून घसा सुरक्षित, असं होत नाही. लाळेतलंही माणसागणिक इतकं बदलतं की एकदा मोजून उपयोग नाही, त्याच खेळाडूचं सीझनआधीचं माप हाताशी लागतं. मॅचनंतर रक्तातल्या लिम्फोसाइट (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी काही तास कमी दिसतात, तेव्हा शरीराचं दार उघडं पडतं असं बरीच वर्षं मानलं गेलं. २०१८ मध्ये दोन ब्रिटिश संशोधकांनी त्याला आव्हान दिलं: त्या पेशी नष्ट होत नाहीत, फुप्फुसं-आतड्यांकडे गस्तीला जातात. म्हणजे एका सकाळच्या आकड्यावरून ‘तुमची प्रतिकारशक्ती खालावली आहे’ म्हणायला आधारच नाही. रिपोर्टखाली मात्र ‘इम्युनिटी बूस्टर’ सॅशेची लिंक तयार होती. ते घेऊ नका.

भाऊ सारखा आजारी का पडत होता, हे त्या कागदात कुठेच नव्हतं. लीग संपते न संपते तोच नॉकआउट स्पर्धा लागल्या. मॅच झाली की मध्ये दोन दिवस, कधी एकच. त्यात तो गोकुळ शिरगावच्या कारखान्यात शिफ्टला जातो. रात्रपाळी करून सकाळी चार-पाच तास झोपायचं आणि दुपारी बूट बांधायचे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी लोकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडला होता. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. हे वाचल्यावर मला सगळ्यात आधी भावाची रात्रपाळी आठवली.

दुखापतींचं तर त्याहून वाईट. युरोपातल्या एका बड्या संघाचा दोन सीझन अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष छापले. आठवड्याला एक मॅच असताना खेळाच्या १,००० तासांमागे ४.१ दुखापती, दोन मॅच असताना २५.६. आणि धावलेलं अंतर दोन्हीकडे जवळपास सारखंच! मला यातलं हे सगळ्यात भयंकर वाटतं. कट्ट्यावरून पोरगा नेहमीसारखाच पळताना दिसतो, कोचलाही शंका येत नाही, आणि हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) जाते. तिकडे इंग्लंडमधल्या मॅन्चेस्टर सिटी क्लबचा फुटबॉलपटू रॉड्री सप्टेंबर २०२४ मध्ये म्हणाला होता की इतक्या मॅच राहिल्या तर खेळाडू संपावर जायच्या बेतात आहेत. त्याच महिन्यात आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. एका दुखापतीचं खापर थेट वेळापत्रकावर फोडता येत नाही, पण त्याच्यामागे डॉक्टर, फिजिओ, आहारतज्ज्ञ अशी फौज होती. आमच्या पोरांमागे कोण आहे? म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, एका संघाच्या दोन मॅचमध्ये किमान तीन दिवस ठेवा.

पॅकेज घ्यावं का? आहे तसं, नाही. त्यातल्या सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि व्हिटॅमिन डी या तीन तपासण्या सुट्या करून घ्या, सीझनआधी एकदा आणि मध्यावर एकदा. भावाचं फेरिटिन १६, म्हणजे कमी, निघालं, ही या पॅकेजमधून मिळालेली एकमेव कामाची गोष्ट, आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सुरू केल्या. अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं चढतं, तेव्हा बरं वाटल्यावरच तपासा. घरी वहीत सकाळची नाडी आणि झोपेचे तास लिहा. नेहमी ५८ असणारी नाडी सलग दोन-तीन सकाळी ६८ लागली तर प्रॅक्टिसला दांडी मारा.

ज्यांचा रिपोर्ट आधीच लाल आलाय त्यांनी डॉक्टरांना मॅचची तारीख आधी सांगा आणि बिलीरुबिन, जीजीटी दाखवा. मात्र लघवी कोलासारखी गडद झाली, स्नायू सुजले किंवा उलट्या होत असतील, तर आठ दिवस थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.