तबेल्याचा फोटो उलटा होता

२६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारतानं ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घेण्याच्या स्पर्धेचं, सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं सोनं, आणि संघातल्या चौघांत आमच्या इंदूरची सुदीप्ती हजेला. रामबागेतल्या आमच्या घरी पेढे आले. मी सहा वर्षं घोड्यावर बसते, पण बाबा त्या रात्री पहिल्यांदा म्हणाले, "तूही बाहेर जाऊन शीक."

ते चौघंही युरोपात राहून तयार झालेले. तिथे स्वतःचा घोडा ठेवणं आम्हाला झेपणारं नाही, म्हणून मी वर्किंग प्युपिलची, म्हणजे तबेल्यात काम करत शिकण्याची, जागा शोधू लागले. पहाटे लीद काढायची, खरारा करायचा, खोगीर-लगाम पुसायचे. त्या बदल्यात राहायला खोली आणि ट्रेनरकडून धडे. कष्टाची मला भीती नव्हती.

व्हॉट्सअॅपवर एक एजंट भेटला. जर्मनीत जागा आहे म्हणाला, सही-शिक्क्याचं पत्र पाठवलं. व्हिसा फी म्हणून ६०,००० आणि विमा-डिपॉझिटचे ८०,००० मागितले, तेही एका माणसाच्या साध्या बचत खात्यात. बाबांनी एफडी मोडली. "आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून घेऊ," असंही तो म्हणाला होता. जर्मनीच्या लांब मुदतीच्या व्हिसाची फी ७५ युरो असते, आणि शेंगेनच्या, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, कामाची परवानगी नसतेच, हे मी पैसे गेल्यावर वाचलं. तशी गेले असते तर परक्या देशात बेकायदा कामगार ठरले असते. त्या विचारानं अजून पोटात गोळा येतो.

त्यानं तबेल्याच्या ड्रेसाज मैदानाचा एक फोटो पाठवला होता. तो मी रोज रात्री बघायचे. अशा मैदानाच्या कडेनं इंग्रजी अक्षरांच्या पाट्या असतात. ए कडून आत शिरलं की के, ई, एच ही अक्षरं डाव्या हाताला येतात, हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. फोटोत ई उजवीकडे होता आणि त्या अक्षराच्या तीन आडव्या रेघा भलत्या बाजूला. कुणाचा तरी फोटो आरशासारखा उलटवून पाठवलेला. शोधून सापडू नये म्हणूनच, दुसरं काय! महिनाभर तो माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि तो उलटा असल्याचं मला दिसलं ते एजंटचा फोन बंद झाल्यावर.

लाजेनं मी नऊ दिवस कुणाला बोलले नाही. शेवटी दादानंच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. तोवर खातं रिकामं झालं होतं. पहिल्याच तासात कळवलं असतं तर पैसे गोठवता येण्याची आशा तरी होती. तुमच्यावर वेळ आली तर आधी तो नंबर फिरवा, रडणं नंतर.

आणि एक गोष्ट आता सारखी खुपते. दोन महिन्यांत त्या माणसानं माझा घोड्यावरचा एकही व्हिडिओ मागितला नाही. गेल्या महिन्यात मी एका तबेल्याला थेट लिहिलं. पैशाचा शब्द नाही. त्यांनी विचारलं: ट्रॉट आणि कँटरचा (घोड्याच्या दुडक्या आणि त्याहून वेगवान चालीचा) न कापलेला व्हिडिओ आहे का, रोज किती घोड्यांची जागा साफ करतेस, जर्मन किती येतं? व्हिडिओ पाठवलाय. जर्मनचा क्लास सोमवारपासून.