जुन्या कॉम्प्युटरचा वायफाय राऊटर करायचा की सरळ नवा घ्यायचा?

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचा जुना सीपीयू खाली येतो आणि आई म्हणते भंगारवाल्याला दे, आणि आपल्या डोक्यात येतं की अरे यात लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टम टाकली तर मस्त राऊटर होईल. मी हा उद्योग दोनदा केलाय, एकदा डेस्कटॉपवर आणि एकदा स्क्रीन फुटलेल्या लॅपटॉपवर, त्यामुळे आता कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, तुमच्याकडे लाईटचं युनिट कितीला पडतं?

कारण हिशोब तिथेच आहे. जुना डेस्कटॉप काहीही न करता ५०-६० वॅट खातो. ६० धरले तर दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३, आणि युनिट १० रुपये पकडलं तर ४३० रुपये. साधा राऊटर १० वॅटच्या आतबाहेर, म्हणजे महिन्याला ७०-७२ रुपये. वर्षाचा फरक चार हजारांच्या वर जातो हो, आणि तेवढ्यात एक चांगला राऊटर येतो. फुकटचा पीसी म्हणतात तो हा. लॅपटॉप मात्र स्क्रीन बंद ठेवून १५ वॅटच्या आसपास चालतो, म्हणून माझ्या मते डेस्कटॉपचा विषय इथेच संपला, पुढे जे बोलतोय ते लॅपटॉपबद्दल.

आता वायफाय. इथे बहुतेकांचा भ्रमनिरास होतो, माझाही झाला. लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड नेट घ्यायला बनवलेलं असतं, वाटायला नाही. लिनक्सच्या टर्मिनलवर 'आयडब्ल्यू लिस्ट' (iw list) ही कमांड मारा आणि सपोर्टेड इंटरफेस मोड्सच्या खाली 'एपी' (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय वाटायचा मोड) दिसतंय का बघा, नसेल तर हॉस्टएपीडीची, म्हणजे वायफाय वाटणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंग कितीही नीट लिहा काही होणार नाही. आणि एपी दिसलं तरी खूश होऊ नका, बऱ्याच इंटेल कार्डांवर एपी मोड २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो, ५ वर चॅनलच उघडत नाही. बिल्डिंगमध्ये पंचवीस जणांचे राऊटर असतील तर २.४ ची काय अवस्था असते सांगायला नको. जुनी अथेरॉसची किंवा मीडियाटेकची कार्डं लिनक्सवर बरी चालतात, पण सुटं कार्ड घेऊन अँटेना जोडत बसण्यापेक्षा सरळ राऊटर घेतलेला काय वाईट?

मग पीसीचा फायदा काय? फायदा राऊटिंगमध्ये, म्हणजे घरातल्या नेटची वाहतूक सांभाळण्यात आहे, वायफायमध्ये नाही. आमच्याकडे मोबाईलचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की बायकोची मीटिंग अडकायची, पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायचा वेळ, २० मिलिसेकंदांवरून ४०० च्या पुढे, आणि स्पीड टेस्ट केली तर स्पीड एकदम ओके. लाइन कमी नव्हती, अपलोडची रांग बॉक्समध्ये तुंबत होती. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, यावर औषध आहे, २०१२ मध्ये एफक्यू-कोडेल आलं आणि २०१८ ला कर्नल ४.१९ मध्ये केक, दोन्ही रांग आवरायच्या पद्धती, तुमच्या लाइनच्या स्पीडच्या साधारण ९० टक्क्यांवर मर्यादा लावायची म्हणजे रांग तुमच्या ताब्यात येते. आमच्याकडे पिंग ३० च्या आत आला. हेच केक स्वस्तातल्या राऊटरवर लावलं तर लाइन जरा मोठी असली की त्याचा प्रोसेसर दमतो, दहा वर्षं जुन्या लॅपटॉपला मात्र कळतसुद्धा नाही. शिवाय जाहिराती अडवणारा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा), बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायला वायरगार्ड व्हीपीएन, घरातल्या सगळ्या फाइल्स एकाच जागी, हे वर फुकट.

पण त्रास मोजा. राऊटरला दोन पोर्ट लागतात, एक बाहेरून येणाऱ्या नेटला आणि एक घराला, पण लॅपटॉपला लॅनचं एकच पोर्ट असतं, दुसऱ्यासाठी यूएसबीचं गिगाबिट अडॅप्टर लागतं. उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं तर डीएनएसच्या पोर्ट ५३ वर त्याचं स्वतःचं सिस्टमडी-रिझॉल्व्ड आधीच बसलेलं असतं आणि घराला डीएनएस देणारा डीएनएसमास्क चालूच होत नाही, माझी एक रात्र यात गेली. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डवालं कनेक्शन) असेल तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, १४९२ ठेवायचा आणि सोबत पाकिटं त्यात बसवणारं एमएसएस क्लॅम्पिंग, नाहीतर काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत बसतात. केबलवाल्याने कनेक्शन जुन्या राऊटरच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर) बांधून ठेवलं असेल तर त्याला फोन. आणि एक दिवस कामवाल्या मावशींनी धूळ पुसताना लॅपटॉपचं झाकण लावलं, झालं, अख्ख्या घराचं नेट झोपलं. लॉगइंड या लिनक्सच्या सेवेच्या सेटिंगमध्ये लिड स्विच 'इग्नोर' करायचं, म्हणजे झाकण लावलं तरी झोपू नको असं सांगायचं, राहिलं होतं, चूक माझीच. लाईट गेली की लॅपटॉपची बॅटरी यूपीएसचं काम करते हे खरं, पण फायबरच्या डब्याला वेगळा मिनी यूपीएस द्या, नाहीतर उपयोग शून्य. आणि चोवीस तास चार्जिंगला असलेली जुनी बॅटरी फुगते, बायोसमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवायची सोय असेल तर ठेवा, आधीच फुगलेली असेल तर काढूनच टाका.

मधला मार्ग ओपनडब्ल्यूआरटी. हा पण लिनक्सच, फक्त राऊटरवर बसणारा. सपोर्ट असलेला राऊटर घ्या, पण मॉडेल नंबरवर जाऊ नका, खालच्या स्टिकरवरचं व्हर्जन वाचा, एकाच नावाच्या दोन व्हर्जनमध्ये आतली चिपच वेगळी निघते. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाला जुना डबा असेल तर नाद सोडा, आजचं ओपनडब्ल्यूआरटी त्यात मावत नाही. ज्यांना शिकायचंय पण घरच्यांच्या शिव्या खायच्या नाहीत त्यांनी हेच करावं, आणि ज्यांना फक्त नेट पाहिजे त्यांनी यातलं काहीच करू नये.

माझ्याकडे आता लॅपटॉप फक्त राऊटिंग करतो आणि जुना राऊटर नुसता वायफाय वाटतो. त्याचं डीएचसीपी (घरातल्या डिव्हाइसना आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद केलंय, त्याचा स्वतःचा आयपी बदललाय, आणि लॅपटॉपकडून येणारी वायर वॅनमध्ये (बाहेरच्या नेटचं पोर्ट) न घालता लॅन पोर्टमध्ये घातलीये, हे शेवटचं लोक हमखास चुकतात. शिवाय कपाटात अजून एक साधा राऊटर पासवर्ड, मॅक सगळं भरून तयार ठेवलाय, त्यावर चिठ्ठी: 'मी गावाला असताना नेट गेलं तर निळी वायर यात घाला.' गेल्या वर्षात दोनदा घातली गेलीये.